चोळीवरचे दोन राघू

आमच्या घरात रॉकेलचा वास स्वयंपाकघरापेक्षा बैठकीच्या खोलीत जास्त यायचा. स्वयंपाकघरात गॅस आला होता, पण बैठकीत आईचं दुकान मांडलेलं असायचं आणि त्या दुकानाला रॉकेल लागायचं. दुकान म्हणजे तरी काय, चौपदरी घडी केलेली घोंगडी, तिच्यावर पसरलेला बटर पेपर, पेन्सिलीच्या बुडात रोवलेली सुई, निळीची डबी आणि रॉकेलात भिजवलेला चिंधीचा बोळा. पाहुणे आले की अण्णा आधी खिडकी उघडायचे आणि मग "या" म्हणायचे. आमची नाकं त्या वासाला इतकी सरावली होती की माझ्या ओढणीला रॉकेलचा वास येतो हे मला कॉलेजात मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा कळलं. मी तणतणत घरी आले आणि आईवर डाफरले. ती मान वर न करता म्हणाली, "अत्तराचा वास येणाऱ्या पोरी पुष्कळ असतात. तुला कोणी विसरणार तर नाही ना?"

आई खाके काढायची. चोळीवर, ओढणीवर, साडीच्या पदरावर जरीची नक्षी भरायची तर ती आधी कापडावर उमटवावी लागते. त्यासाठी बटर पेपरवर चित्र काढायचं, त्याच्या रेघेरेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं पाडत जायचं, मग तो कागद कापडावर अंथरून वरून निळीचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची वेल उमटलेली. त्या भोकांच्या कागदाला खाका म्हणतात. हैदराबादच्या कोठी बाजारामागच्या आमच्या गल्लीतून दिवसभर जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांची घासाघीस ऐकू यायची, रिक्षांचे भोंगे यायचे, अण्णांचा रेडिओ आपलं आपण बोलत बसायचा, आणि या सगळ्याच्या खाली आईच्या सुईची टिचटिच चालू असायची. ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. रविवारी सकाळी मात्र सुट्टी. त्या दिवशी पिवळीधमक खिचडी, तिळाचा आंबट खट्टा आणि पापड, हा खास हैदराबादी बेत आमच्या मराठी घरात इतका मुरला होता की पुण्याच्या मावशीला तो पाहून "हे काय नाश्त्याला जेवता?" असा प्रश्न पडायचा. जेवून उठल्यावर हात दोनदा धुतल्याशिवाय बैठकीत पाऊल टाकायचं नाही. बटर पेपरवर हळदीचं एक बोट उमटलं तर आई असं काही बोलायची की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती या कामात शिरली तीही भांडूनच. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही लेक, लग्न होऊन हैदराबादेत आली आणि नणंदेच्या लग्नाची चोळी भरायला द्यायला म्हणून गौसभाईंच्या कारखान्यात गेली. गौसभाई म्हणजे शेजारच्या गल्लीतले जरीकामाचे उस्ताद. त्यांनी दाखवलेल्या खाक्यातली कैरी हिला पसंत पडेना. "ही कैरी आहे का वांगं?" असं म्हणून तिनं त्यांच्याच कानावरची पेन्सिल मागितली आणि तिथेच दुसरी कैरी काढून दिली. गौसभाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "भाभी, ये कैरी मैं रख लेऊँ?" तेव्हापासून त्यांचे खाके आई काढू लागली. अण्णा एका मराठी शाळेत मास्तर होते. ते नातेवाइकांत सांगायचे, "हिला चित्रकलेचा छंद आहे." त्यांच्या पाठीमागे आई मला म्हणायची, "छंद कबुतरांचा असतो. हे काम आहे."

तिच्या कामाची एक रीत इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. खाके काढणारे सगळेजण कागद मधोमध दुमडतात. अर्ध्यावर चित्र काढायचं, दोन्ही पदरांतून सुई पार करायची, घडी उघडली की डाव्या बाजूसारखी हुबेहूब उजवी बाजू तयार. मेहनत निम्मी. वेलबुट्टी, कैरी, कमळ यांना आईसुद्धा कागद दुमडायची. पण पक्ष्यांची जोडी आली की नाही. लग्नाच्या चोळीच्या पाठीवर समोरासमोर बसलेले दोन पोपट ही तेव्हा मोठी हौस होती, आणि आईचे पोपट कोठीपासून आबिड्सपर्यंतच्या दुकानांत ओळखले जायचे. ती दोन्ही पक्षी वेगवेगळे काढायची. राघू छाती काढून ताठ बसलेला, गळ्याभोवती त्याची कंठी. समोरची मादी किंचित लहान, मान कलती केलेली, आणि तिच्या गळ्याला कंठी नाही, कारण खऱ्या पोपटांतही ती नराला असते, मादीला नसते. मी एकदा विचारलं होतं, इतकी दुप्पट मेहनत कशाला, कोण बघतंय? तर म्हणाली, "जोडपं आहे ते. एक पोपट आणि एक आरसा, असा संसार होतो का कुठं?"

त्या वर्षांत शहरात रोज काहीतरी नवं येत होतं. गच्चीवरून गच्चीवर केबलच्या वायरी गेल्या होत्या. दुकानांत ओळखीच्या साबणांच्या शेजारी अनोळखी साबण बसले होते. आबिड्सला तर दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी, आणि गंमत म्हणजे या सगळ्या पाट्या पेंटरनं शिडीवर चढून ब्रशनं रंगवलेल्या. अण्णांना ती लागण लवकर झाली. मी बी.ए. करत होते, पण त्यांच्या मते बी.ए. म्हणजे नुसतं जेवण आणि कॉम्प्युटर म्हणजे त्यावरचं तूप. मी साफ नकार दिला. एकोणिसाव्या वर्षी मी जुन्या गोष्टींची कड घेऊन भांडणारी मुलगी होते. हाताचं ते खरं, यंत्राचं ते खोटं, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी विचारल्याशिवाय सगळ्यांना सांगत असे. आता माझी मुलगी फोनवर बोटानं चित्रं काढते, मराठी वाचायचं म्हटलं तर ओळीखाली बोट धरून वाचते आणि मला म्हणते, "आई, तू लिहू नकोस, बोलून पाठव." त्यामुळे त्या वयातल्या माझ्या ठाम मतांचं मला हसू येतं, आणि थोडी मायाही वाटते.

एके दुपारी गौसभाई आले आणि नेहमीसारखे आत न येता उंबऱ्याशीच बसले. आईनं चहा दिला. तो बशीत ओतून ते म्हणाले, "भाभी, चंदूसेठ मशीन लाया. कुकटपल्ली में शेड डाल के रखा. कंप्यूटर की कढ़ाई बोलते उसकु. कित्ते की सुइयाँ एक साथ चलते." चंदूसेठ म्हणजे आबिड्सच्या साड्यांच्या दुकानाचे मालक. गौसभाईंचं आणि पर्यायानं आईचं बरंचसं काम त्यांच्याकडूनच यायचं. आईनं विचारलं, "और खाका?" गौसभाईंनी मान हलवली. "कागद नक्को बोलता मशीन. कंप्यूटर में एक लड़की बैठ के बनाती." आई उठली. चहाचा कप घेऊन आत गेली आणि पुन्हा घोंगडीशी येऊन बसली. पण मग माझ्या लक्षात आलं, ती ज्या कागदावर सुई चालवत होती त्याच्यानंतरचं काम घरात आलेलंच नव्हतं.

पुढे थोड्याच दिवसांनी वैद्यकाकू आल्या. त्या आमच्या ओळखीतल्या, त्यांच्या मालूचं लग्न ठरलेलं. पिशवीतून त्यांनी चंदूसेठकडून आणलेली लग्नाची चोळी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "शकूबाई, हे तुमचेच पोपट ना? मी मुद्दाम तेच मागितले. पण काहीतरी चुकतंय बघा. काय ते मला कळेना." आई चोळी घेऊन खिडकीशी गेली. कशिदा सफाईदार होता, एक टाका इकडचा तिकडे नाही. पाठीवर समोरासमोर दोन पोपट. आईनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि एकदम फुटलीच. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. "अहो वैद्यवहिनी, दोन्ही राघूच आहेत हो! दोघांच्याही गळ्यात कंठी! तुमच्या मालूच्या पाठीवर दोन नवरे बसवलेत त्यांनी!" वैद्यकाकूंचा चेहरा असा झाला की आतल्या खोलीतून अण्णा काय झालं म्हणून धावत आले. लग्नाच्या चोळीवर दोन नवरे! आमच्यासारख्या घरांत यावर महिनाभर बोलणं पुरलं असतं. शेवटी आईनं कातरीच्या टोकानं उजव्या पोपटाची कंठी टाका टाका करून उसवून दिली आणि वैद्यकाकू समाधानानं गेल्या. आई मात्र पुटपुटत राहिली, "कंठी काढली म्हणून काय बाई होते का? बसलाय कसा बघ, मिशीला पीळ दिल्यासारखा."

हसण्याचा भर ओसरला तशी ती उसवलेले धागे वेचू लागली. संध्याकाळी भाजी निवडताना अण्णांना म्हणाली, "आता त्यांना माझा एक पोपट पुरतो. तोही अर्ध्या कागदाचा. एकदा दिला की जन्मभर तोच. मग मी काय करू?" अण्णांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आता आराम कर. डोळे तरी वाचतील." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की अण्णांनी उठून रेडिओ लावला. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. घरात पैशांची अडचण नव्हती, अण्णांचा पगार होता. पण सुई हातातून गेली तर ही बाई घरभर फिरून काय करेल, याचं चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येईना.

त्यात चंदूसेठचा निरोप आला. आईकडे आजवरचे जवळजवळ सगळे खाके एका गठ्ठ्यात जपून ठेवलेले होते. काम झालं की गौसभाई खाका परत आणून द्यायचे, हा दोघांतला कायदा. तो सगळा गठ्ठा सेठना एकरकमी हवा होता. निरोप घेऊन गौसभाईच आले, पण वकिली मात्र उलटी करू लागले. "नक्को देओ भाभी. दे दिये तो अपन दोनों का काम खतम." मी तर ओरडलेच, "आई, एकही कागद द्यायचा नाही! चोर आहेत ते!" अण्णासुद्धा, इतके कॉम्प्युटरचे भक्त, म्हणाले की ठेव घरात, आठवण राहील. असे आम्ही तिघंजण तिच्या बाजूनं उभे ठाकलो. आईनं तिघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी ते मशीन बघते. न बघता नाही म्हणायला मी काय सासू आहे?"

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली इरकल नेसली, गठ्ठा जुन्या धोतरात बांधला आणि आम्ही दोघी बसनं कुकटपल्लीला निघालो. तेव्हा तो प्रवास परगावी जाण्यासारखाच होता. वाटेत अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांच्या गच्चीतून वर आलेल्या सळया, मोकळे प्लॉट, आणि मधूनच पत्र्याच्या शेड. चंदूसेठच्या शेडमध्ये मशिनींचा असा खडखडाट होता की आईनं पदराचं टोक कानात घातलं. एका रांगेत डोकी खाली घालून सुया चालत होत्या आणि प्रत्येक सुईखाली तोच राघू भरला जात होता. आई थोडा वेळ थांबून बघत राहिली. रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दमत नाहीत ग."

कॉम्प्युटरची खोली वेगळी होती, काचेची, थंडगार. तिथे आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आईनं चपला काढल्या आणि सवयीनं तिचे हात जोडले गेले. आत स्वेटर घालून बसलेली सुजाता माझ्याहून थोडी मोठी, तिकडचीच, तेलुगू. तिला वाटलं बाईंनी आपल्याला नमस्कार केला, ती गडबडून उभी राहिली. "रंडि अम्मा, बैठो." तेलुगूत रंडि म्हणजे या. आईनं धोतराची गाठ सोडण्याआधीच मुद्द्याला हात घातला. "बेटा, तू दोनों राघू कायकु बनाई? एक औरत है ना." सुजातानं पडद्यावर तो पोपट आणला, एक कळ दाबली, समोर दुसरा हजर. "ऐसा होता अम्मा. एक बनाए तो दूसरा अपने आप आ जाता." मग थोडी ओशाळून म्हणाली, "मेरेकु कागद आधाच दिये. मेरेकु कैसा मालूम होता दूसरी उसकी बीवी है?" नमुना म्हणून दुकानात राहिलेला एक खाका कोणीतरी मधोमध फाडून अर्धाच पाठवला होता, कारण उरलेलं कॉम्प्युटर करणारच होता. फाडला हे ऐकून आईनं गठ्ठ्याची गाठ दोन्ही हातांनी धरली. माझा तर पारा चढला. पण राग काढायचा कोणावर? ती बिचारी मुलगी थंडीनं कुडकुडत बसली होती.

"मेरेकु दे," आई म्हणाली आणि माऊस हातात घेतला. मला आत कुठेतरी बरं वाटलं. आता हिला जमणार नाही, आता ही म्हणेल खेळणं आहे हे, आणि आम्ही गठ्ठा घेऊन ताठ मानेनं घरी जाऊ. खरोखरच जमेना. तिच्या हातून निघालेली रेघ शाईत पडलेली मुंगी चालावी तशी पडद्यावर फिरली. सुजाता हसली, आई तिच्याहून मोठ्यानं हसली. मग आईनं माऊस बाजूला ठेवला, गठ्ठ्यातून पोपटांचाच एक जुना खाका काढला आणि पडद्याच्या काचेवर लावून पाहिला. त्या जुन्या पडद्यांच्या काचेत कसलीशी ओढ असायची, हात जवळ नेला तर अंगावरची लव उभी राहायची. बटर पेपर त्या काचेला आपोआप चिकटून बसला. सुजाताला काय सुचलं कोण जाणे, तिनं पडदा कोरा केला, नुसता पांढरा उजेड.

आणि खाक्याच्या प्रत्येक भोकातून उजेड बाहेर आला. राघूची छाती, कंठी, शेपटीचं एकेक पीस, समोरच्या मादीची कललेली मान, सगळं उजेडाच्या ठिपक्यांत. आम्ही तिघी बघत राहिलो. आईनं आयुष्यभर ही भोकं पाडली होती. ती खाली कापडावर निळी उमटलेली तिनं पाहिली होती, पण असा उजेड आत घालून तिनं आपलं चित्र कधीच पाहिलेलं नव्हतं. तिनं पदर तोंडाशी नेला. मग हळूच म्हणाली, "इतकं बारीक पाडलं होतं का मी?" मी काचेबाहेर मशिनींकडे पाहत राहिले.

मग ठिपक्यांमागून ठिपके घेत सुजाता पडद्यावरचा बाण फिरवू लागली. कागदाच्या भोकामागे बाण न्यायचा, टिचकी मारायची, पुढच्या भोकाकडे जायचं. आई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि बोटानं दाखवू लागली, इथं वळ, इथं थांब, गळ्याशी काही नको. मध्येच मला मराठीत म्हणाली, "हे तर माझ्यासारखंच ठिपक्या ठिपक्यानं जातं ग." एके ठिकाणी सुजाताचा बाण घसरला, तिनं एक कळ दाबली आणि चुकीची रेघ गेली. आईनं तिचा हातच धरला. "मिटता? कुछ निशान बी नै रहता?" बटर पेपरला चुकून पडलेलं भोक कधी बुजत नाही, एका चुकीपायी पूर्ण कागद टाकून द्यावा लागतो. आईनं सुजाताला पुन्हा चुकायला लावलं, पुन्हा मिटवायला लावलं, आणि लहान मुलीसारखी खूश झाली. दोन तास उलटले तेव्हा पडद्यावर राघू होता आणि त्याच्यासमोर त्याची बायको होती, वेगळी काढलेली, कंठी नसलेली.

तेवढ्यात चंदूसेठ आले. त्यांची नजर आधी गठ्ठ्यावर गेली. आईनं तो उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "लेओ सेठ. सब लेओ." मी गठ्ठा परत ओढायला पुढे झाले. पण तिचं पुढचं बोलणं अजून बाकी होतं. "आधा कागद किसीकु नै देने का. और मैं हर हफ्ते आती, इसके बाजू में बैठती, नये बनाती." सेठ हसले. "नये कायकु भाभी? ये पुराने इत्ते हैं, मेरी जिंदगी निकल जाती." आई म्हणाली, "कैसा निकलती? मशीन तुम अकेले लाए क्या? कल बाजूवाला लाता. तुम्हारा पोपट एक चोळी बाजार में गई की उसके मशीन पे बैठता. फिर सब की पीठ पे एकच पोपट. ग्राहक तुम्हारे पास कायकु आता?" हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. सेठ व्यापारी माणूस होते. त्यांनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं आणि चहा सांगितला. दुकानाच्या मालकानं चहा सांगितला म्हणजे निम्मं काम झालं, हे हैदराबादेत लहान मुलालाही कळतं.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. जागा मिळाली होती, खिडकीतून वारा येत होता, आणि मी नाक ओढत आईशी भांडत होते. तुझं आयुष्यभराचं काम, तू एका बोलण्यात देऊन टाकलंस, ते पोपट, मी तुझ्या मांडीशी बसून पाहिलेले, आपल्या घराचे पोपट! आईनं मला नाक पुसायला पदर दिला. मग म्हणाली, "मला पोपट कधी आवडलेच नाहीत."

मी रडायची थांबले. "काय?"

"शेतात किती नासधूस करतात ते तुला काय माहीत. हुरड्यात आलेली ज्वारी, थवाच्या थवा उतरतो आणि कणसं कुरतडून टाकतो. खातो थोडं, सांडतो फार. लहानपणी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची मी, घसा बसेपर्यंत ओरडायची. आणि लग्न करून शहरात आले तर लोकांना काय हवं? पोपट! जन्मभर तेच काढत बसले." बस कुठेतरी खड्ड्यात आदळली, ती आसन धरून सावरून बसली. "आता ते मशीन काढील पोपट. काढू दे. मला ज्वारी काढायचीय. भरलेलं कणीस, वाऱ्यानं झुकलेलं. जुनं उराशी धरून बसले तर ते कधी काढू?"

"लग्नाच्या चोळीवर ज्वारी? कोण घालेल, आई?"

"बघ तू," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा अंगठा आणि पहिलं बोट मांडीवर काहीतरी काढत होतं.

बघायला मात्र बराच काळ लागला. चंदूसेठनी ज्वारी पाहून कपाळाला हात लावला. "शादी में भाकरी पहनाते क्या भाभी?" आई दर आठवड्याला कुकटपल्लीला जायची, सुजाताशेजारी बसून त्यांना हवी तशी कमळं, मोर, वेली काढून द्यायची, आणि वेळ उरला की दोघी मिळून ते कणीस करायच्या. कधी पानं जाड व्हायची, कधी दाणे मोत्यांसारखे गोलमटोल यायचे आणि आई म्हणायची, ज्वारी आहे बाई, मोत्याचा हार नाही. मीसुद्धा अण्णांचा कॉम्प्युटर क्लास लावला. अण्णांना वाटलं त्यांचा विजय झाला. खरं म्हणजे मला त्या दोघींच्या गप्पांतलं काही कळायचं नाही आणि त्यांचा हेवा वाटायचा.

गौसभाईंचं इतकं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कारखान्यातली माणसं एकेक करून कमी होत गेली, मुलं आखातात गेली, आणि पुढे ती जागाही राहिली नाही. आजकाल हाताच्या कामाचं कौतुक करणारे लेख मी वाचते तेव्हा मला ते उंबऱ्याशी बसलेले दिसतात आणि त्या कौतुकाचा थोडा रागही येतो. तेव्हा कुठे होता बाबांनो? पण त्यांचा हात चालू होता तोवर आईनं त्यांना सोडलं नाही. सुजाताचं लग्न ठरलं आणि तिनं जाहीर केलं की लग्नाच्या चोळीवर तिला अम्माचं कणीसच हवं, तेव्हा पानं आणि ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, मशीननं भरलं, पण दाणे मण्यांचे होते, ते भरायला चोळी गौसभाईंकडे गेली. असले मणी लावणं तेव्हा त्या मशीनला जमण्यासारखं नव्हतं. ते कुरकुरले, "अब इस उमर में ज्वारी टाँकने बैठे," आणि एकेक दाणा असा बसवला की बोटानं खुडावासा वाटावा.

लग्न कुकटपल्लीतल्याच एका हॉलमध्ये होतं. सनई वाजत होती, जिकडेतिकडे मोगरा, पाहुण्यांची गर्दी. सुजाता पाठमोरी बसलेली. तिच्या पाठीवर पोपट नव्हते, मोर नव्हते. दोन भरलेली कणसं दोन बाजूंनी झुकली होती आणि मधल्या बारक्या ताटातून तिसरं वर येत होतं. बायका पुढे होऊन बघत होत्या, कुजबुजत होत्या, आणि मी घाबरून आईचा हात धरला होता, कारण त्या बायका नाक मुरडणार की काय तेच कळत नव्हतं. तेवढ्यात सुजाताची आजी काठी टेकत आली. महबूबनगरकडची शेतकरीण, पायांत चांदीचे वाळे. तिनं वाकून चोळीला डोळे लावले, दाण्यांवरून अंगठा फिरवला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अय्यो, जोन्न कंकि!" ज्वारीचं कणीस! मग ती हसू लागली, दोन बायका हसल्या, एकीनं आपल्या मुलीला ओढून आणलं आणि विचारलं, हे कुठं करून मिळतं. सुजातानं मान वळवून आमच्याकडे बोट दाखवलं. आता सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. माझे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं.

आईनं डोळे बारीक करून चोळीकडे पाहिलं. "मधलं कणीस जरा वाकडं आलंय," ती माझ्या कानात म्हणाली. "पुढच्या वेळी नीट काढते."